मुकाट्याने उतरलेला वेग

घरातली जी तार एकदा भिंतीत चिणली गेली तिच्याकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही. आणि ती जोवर थोडेफार काही वाहून आणते आहे तोवर तिने वस्तुतः किती वाहून आणावयास हवे होते, हा प्रश्न विचारण्याची आवश्यकताही कोणास भासत नाही. राऊटर आणि स्विच या दोन यंत्रांना जोडणाऱ्या तारेच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महाग पडते, कारण तारेत दोष उत्पन्न झाला तरी ही यंत्रे बहुधा बंद पडत नाहीत. ती परस्परांत नवा करार करतात, सेकंदाला १००० मेगाबिटांऐवजी १०० मेगाबिटांवर समाधान मानतात, आणि घरधन्याला त्याची वर्दीही न देता पुढचा व्यवहार बिनतक्रार चालू ठेवतात. हा त्यांचा समंजसपणा म्हणावा की लपवाछपवी, यावर माझे एक स्नेही आणि त्यांची भाची यांच्यात माझ्यासमोर जो वाद झाला तो मी येथे नोंदवीत आहे. कारण दोघेही विषयाचे जाणते होते, दोघांचीही भूमिका अनुभवातून आलेली होती, आणि वाद चालू असतानाच दोष हुडकण्याचे कामही त्यांच्या हातून होत गेले.

स्नेही दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीचा बहुतेक काळ जमिनीखालच्या केबलींचे सांधे जुळविण्यात आणि त्यांतली तुटलेली जोडी शोधून काढण्यात गेला. भाची संगणकाचे काम घरी बसून करते. नाशिकच्या त्यांच्या दुमजली घरात राऊटर तळमजल्यावर आहे, कारण फायबरची तार तेथे येते. माडीवर भाचीचा संगणक, घरातली सारी छायाचित्रे साठविण्याची पेटी आणि या दोहोंना जोडणारा आठ पोर्टांचा साधा स्विच आहे. आणि दोन मजल्यांमध्ये भिंतीतून गेलेली एकच केबल आहे.

भाची : मामा, तक्रार थोडक्यात अशी. आपण घेतलेली सेवा ३०० मेगाबिटांची. खाली राऊटरलाच संगणक जोडून मोजले तर आकडा ३०० च्या आसपास भरतो. माडीवर स्विचमधून मोजले की ९४ वर येऊन थांबतो. सकाळी मोजा, मध्यरात्री मोजा, ९४.

मामा : कधी ८०, कधी ६०, असे होत नाही?

भाची : नाही. हललाच तर दशांशाने हलतो.

मामा : मग तो गर्दीचा आकडा नव्हे. गर्दीने येणारी मंदी वेळेप्रमाणे चढते-उतरते. जो आकडा कोणत्याही प्रहरी एकाच जागी उभा असतो तो कसल्यातरी मर्यादेचा असतो.

भाची : मर्यादा कोणती तेही उघड आहे. तारेवर १५३८ बाइटांची जागा खर्ची पडते तेव्हा त्यातून आपल्या उपयोगाचा मजकूर १४६० बाइट निघतो. बाकीची जागा पत्ते, तपासणीचे अंक आणि दोन पुडक्यांमध्ये सोडावी लागणारी मोकळीक यांत जाते. हे गुणोत्तर १०० मेगाबिटांना लावले की ९५ च्या किंचित आत येते. म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चा सांधा आहे. पण माझा संगणक तर आपली जोडणी १००० ची असल्याचे सांगतो.

मामा : तो खोटे बोलत नाही; पण तुझा संगणक जबानी देतो ती त्याच्या आणि स्विचच्या मधल्या हातभर तारेपुरती. स्विचपासून राऊटरपर्यंत काय चालले आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. प्रत्येक तुकड्याचा वेग त्या तुकड्याची दोन टोके ठरवितात. राऊटरच्या पानावर पाहिलेस?

भाचीने राऊटरचे व्यवस्थापनाचे पान उघडले. पहिल्या पोर्टासमोर काहीच नव्हते, दुसऱ्यासमोर १०० होते. माडीवरच्या स्विचवर संगणकाच्या पोर्टाचा दिवा हिरवा होता आणि राऊटरकडून येणाऱ्या पोर्टाचा पिवळा. या रंगांचे अर्थ प्रत्येक कारखानदाराचे निराळे असतात, कित्येक स्विचांवर तर वेगाचा दिवाच नसतो. म्हणून रंगावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी यंत्रासोबत आलेली पत्रिका वाचणे इष्ट. या स्विचच्या पत्रिकेत पिवळ्याचा अर्थ १०० असाच दिला होता.

भाची : झाले तर मग, दोष सापडला. पण मला विचाराल तर यात तातडीचे काही नाही. कचेरीच्या बैठकांना चार-दोन मेगाबिट पुरतात. छायाचित्रांची पेटी स्विचलाच जोडलेली, तिचा आणि माझा व्यवहार पूर्ण वेगाने चालतो. दिवाळीपूर्वी रंगकाम निघेल तेव्हा नवी केबल ओढून घेऊ. तोवर यंत्रांनी परिस्थिती पाहून जो करार केला आहे तो मला मंजूर आहे.

मामा : मला नामंजूर आहे. कागदी वेष्टनाच्या जुन्या केबलींत पावसाळ्यात पाणी शिरत असे, तेव्हा पहिले काही आठवडे ग्राहकाला नुसती खरखर ऐकू येई. तो आवाज चढवून बोले आणि काम भागवून घेई. त्याची तक्रार आमच्याकडे येईपर्यंत पाणी पुढच्या सांध्यात पोचलेले असे, आणि मग एका जोडीचे काम होते तेथे साऱ्या मोहल्ल्याचे होऊन बसे. काम भागते आहे, एवढ्यावरून दोष थांबला आहे असे ठरत नाही. आणि करार कसला? दोन्ही टोकांना हुकूम सोडावा : १०००, पूर्ण दुतर्फा, याखाली उतरायचे नाही. आमच्या कचेरीत हीच शिस्त होती.

भाची : ती शिस्त १०० मेगाबिटांच्या काळातली, मामा. १९९५ साली १०० चे मानक आले आणि त्याच्याबरोबर वाटाघाटीची रीतही आली; तेव्हा निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे तिचा निरनिराळा अर्थ लावीत, म्हणून शहाणी माणसे दोन्ही टोके हाताने बांधून टाकीत. पण तांब्याच्या तारेवरचे १००० चे मानक १९९९ साली झाले, त्यात वाटाघाट सक्तीची आहे. दोन टोकांपैकी कालमापन कोणाचे चालायचे आणि ते पाहून कोणी चालायचे, हे त्या वाटाघाटीतच ठरते. ती बंद केली तर १००० ची जोडणी उभीच राहत नाही.

मामा : आणि १०० वर बांधली तर?

भाची : तर त्याहून वाईट. एक टोक तुम्ही हुकमाने बांधलेत की ते वाटाघाटीचे बोलणेच सोडते. दुसऱ्या टोकाला येणाऱ्या संकेतावरून वेग ओळखता येतो, पण समोरचा दुतर्फा बोलतो की एकतर्फा, हे ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. तेव्हा नियमाप्रमाणे ते एकतर्फा धरून चालते. मग एकजण मनास येईल तेव्हा बोलतो, दुसरा समजतो की एका वेळी एकानेच बोलायचे. पुडकी आपटतात, टाकून दिली जातात, पुन्हा पाठवली जातात. दिवा लागलेला असतो, आकडा १०० चा दिसत असतो, आणि मोठी फाइल पाठवायला गेले की ती रांगत राहते.

या एका मुद्द्यावर भाचीचे म्हणणे निर्विवाद होते आणि स्नेह्यांनी ते तत्काळ कबूल केले. एके काळी योग्य असलेली दक्षता, तिचे कारण नाहीसे झाल्यावरही दस्तूर म्हणून चालू राहते. आजही पुष्कळ घरांतले आणि लहान कचेऱ्यांतले मंदावलेले जाळे तपासले तर कोणीतरी पूर्वी चांगल्या हेतूने एका टोकाला बांधून ठेवलेला वेग आढळतो, आणि तो सोडून दोन्ही टोके पुन्हा वाटाघाटीवर आणली की प्रश्न जागच्या जागी मिटतो. पण येथे कोणी काही बांधलेले नव्हते. राऊटर आणि स्विच दोघेही स्वेच्छेने १०० वर उतरले होते, आणि का उतरले याचे उत्तर आता शोधावयाचे होते.

मामा : मग त्यांनी हा करार केला कसा ते सांग. आणि तार जर सदोष आहे तर तिच्यावरून वाटाघाट तरी कशी पार पडली?

भाची : हीच यातली मुख्य गोष्ट आहे. केबलीत आठ तारा, चार जोड्या. वाटाघाटीचे संकेत जातात ते फक्त दोन जोड्यांवरून : १-२ आणि ३-६. सुमारे १६ मिलिसेकंदांच्या अंतराने प्रत्येक टोक लहान स्पंदनांचा एक पुंजका पाठवते, त्यात आपल्याला काय काय येते याची यादी असते. दोघांच्या यादीत जे सर्वात वरचे समान असेल ते मान्य होते. १० आणि १०० चा व्यवहारही याच दोन जोड्यांवर भागतो. १००० ला मात्र चारही जोड्या लागतात. तेव्हा उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक तुटलेली असली तरी वाटाघाटीत कोणालाच संशय येत नाही. दोघेही १००० कबूल करतात, आणि प्रत्यक्ष जुळवणी करू जातात तेव्हा ती होत नाही.

मामा : ४-५ आणि ७-८. निळी आणि तपकिरी.

भाची : तुम्हाला रंग कसे पाठ?

मामा : ते आमचेच रंग आहेत. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. टेलिफोनच्या केबलीत जोड्या याच क्रमाने मोजतात, तुमच्या जाळ्याने त्यातले पहिले चार उचलले. मधली ४-५ ही निळी जोडी, म्हणजे पहिली जोडी, टेलिफोनची. आमच्या प्लगच्याही मधल्याच दोन तारा. तिला धक्का लागू नये म्हणून हिरवीची एक तार तिच्या अलीकडे, ३ वर, आणि दुसरी पलीकडे, ६ वर. पाहणाऱ्याला हा क्रम विक्षिप्त वाटतो, पण त्यात टेलिफोनचा मान राखलेला आहे. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याची युक्तीही ग्रॅहम बेलचीच. तिचे पेटंट १८८१ चे आहे.

मला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते, कारण १००० मेगाबिटांची जोडणी ही तांब्याच्या तारेकडून करवून घेतलेली फार मोठी करामत आहे आणि ती घराघरांत असूनही तिचे कौतुक कोणी करीत नाही. चार जोड्यांपैकी प्रत्येकीवरून सेकंदाला २५० मेगाबिट जातात, आणि त्याच क्षणी त्याच जोडीवरून २५० येतातही. जाण्याची आणि येण्याची वाट निराळी नाही. प्रत्येक टोक स्वतः काय बोलले हे जाणते, म्हणून तारेवर जे एकत्र ऐकू येते त्यातून आपल्या बोलण्याचा प्रतिध्वनी वजा करून ते समोरच्याचे बोलणे वेगळे काढते. आणि हे दर सेकंदाला १२ कोटी ५० लक्ष वेळा, विद्युद्दाबाच्या पाच पायऱ्या अचूक ओळखीत करते. शेजारच्या जोडीचा आवाज या हिशेबात मिसळू नये म्हणून चारही जोड्यांचे पीळ कमी-अधिक आवळलेले असतात. इतक्या नाजूक तोलावर उभ्या असलेल्या कामात एका तारेचे टोक नीट बसले नाही तर काय होईल, हे समजणे मग अवघड राहत नाही.

तपास सुरू झाला तो दोघांच्या दोन रीतींनी. भाचीची रीत अदलाबदलीची. तिने आधी राऊटरचे पोर्ट मुळात १००० चे आहेत याची खातरजमा केली. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु बिनतारी वेगाचे मोठमोठे आकडे खोक्यावर छापलेल्या कित्येक स्वस्त राऊटरांची तारेची पोर्टे १०० चीच असतात, आणि असा राऊटर असलेल्या घरी केबल बदलण्यात घालविलेला वेळ सर्वस्वी व्यर्थ जातो. मग तिने स्विच काढून खाली आणला आणि राऊटरशेजारी ठेवून एका आखूड केबलीने जोडला. त्यापूर्वी केबलीचा पारदर्शक प्लग उजेडाकडे धरून आठही तारा आत आहेत हे पाहिले, कारण यंत्रासोबत फुकट येणाऱ्या काही केबलींत चारच तारा असतात. दिवा हिरवा लागला, पानावर १००० आले. दोन्ही यंत्रे निर्दोष सुटली. संशय भिंतीतल्या केबलीवर, आणि तिच्या माडीवरच्या सॉकेटवर.

भाची : आता नवी केबल ओढायची, की जुनी उकरीत बसायचे?

मामा : केबलीला काय होणार? भिंतीतल्या नळीत ती बसल्या जागी तुटत नाही, उंदराने कुरतडली नाही तर. तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनिअमची घातली असेल तर गोष्ट वेगळी. ती वाकवली की आतून मोडते. पण खालच्या टोकाला मी पाहिले, प्लगात कापलेले टोक आरपार तांबडे आहे. दोष टोकांशी असतो, बाई. माणसाचा हात लागला आहे तेथेच तो शोधावा.

ही झाली मामांची रीत. आठ तारा क्रमाने तपासणाऱ्या टेस्टरचे एक अंग तळमजल्यावरच्या प्लगला लावून भाची तेथे बसली. दुसरे सॉकेटात लावून मामा माडीवर उभे राहिले. दिवे क्रमाने पेटू लागले, आणि भाची जिन्यातून ऐकू जाईल अशा आवाजात आकडे सांगू लागली : १, २, ३, ४, ५, ६, ७, आणि पुन्हा १. आठवा दिवा नव्हता. मामांनी सॉकेटचे दोन स्क्रू काढून ते पुढे ओढले. मागच्या बाजूला चारही जोड्यांचे पीळ बोटभर लांबीपर्यंत उलगडून ठेवलेले होते, वास्तविक अर्ध्या इंचाहून, म्हणजे १३ मिलिमीटरांहून, अधिक पीळ सोडू नये असा नियम आहे. आणि तपकिरी तार आपल्या खाचेत नुसती आडवी पडली होती. खाचेतल्या पात्यांनी तारेवरचे वेष्टन कापून तांब्याला धरावयाचे असते, ते झालेच नव्हते. कदाचित वायरमनने पंचिंग टूलऐवजी स्क्रूड्रायव्हरने तार दाबली असावी. मामांनी नखाने ती तार खाली रेटली आणि जिन्यातून आवाज आला, आठ लागला. नख काढले, आठ गेला.

त्यांनी आठही तारा कापून नव्याने बसविल्या, पीळ अगदी खाचेच्या तोंडापर्यंत तसाच ठेवून, सॉकेटवर छापलेल्या दोन क्रमांपैकी खालच्या प्लगात होता तोच क्रम राखून. स्विच जागेवर गेला. दिवा हिरवा लागला आणि माडीवर सेवेचा आकडा ३०० भरला.

भाची : झाले. मान्य आहे, केबलीचे पैसे वाचले.

मामा : झाले नाही. दिवा करार झाल्याचे सांगतो. तो पाळला जातो की नाही हे सांगत नाही. टेस्टरही तेवढाच भोळा. आठ तारा आठ ठिकाणी पोचल्या म्हणजे त्याचे समाधान. पण कोणी १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ जोड्या लावल्या असत्या, तरी आठही दिवे ओळीने पेटले असते, आणि ३ व ६ या दोन निरनिराळ्या पिळांतल्या तारांना एक जोडी समजून काम करावे लागले असते. पिळाचा सारा फायदा गेला. तुझा लहान संगणक थेट सॉकेटला लाव, एक मोठी फाइल पेटीतून इकडे आण आणि चुकांचा आकडा दाखव.

भाचीने पेटी तात्पुरती खाली राऊटरला जोडून तसे केले. फाइल सेकंदाला ११० मेगाबाइटांच्या आसपास येत राहिली. पूर्वीच्या वेगाने ती ११ नेच आली असती. लिनक्सवरच्या ‘इथटूल’ने काढलेल्या नोंदीत तपासणीचा अंक न जुळलेल्या पुडक्यांसमोर शून्य होते, आणि फाइल संपल्यावरही शून्यच राहिले. तेव्हा कुठे मामांनी सॉकेट भिंतीत बसविले. वाद मात्र मिटला नव्हता.

मामा : आता मला सांग. जुळवणी होत नाही हे त्या यंत्रांना कळले होते. मग ती १०० वर आली कशी?

भाची : काही प्रयत्न फसले की त्यांतली एक चिप आपल्या यादीतून १००० काढून टाकते आणि पुन्हा वाटाघाट सुरू करते. मूळ मानकात ही सोय नाही. चिप करणाऱ्यांनी ती आपण होऊन घातली. ती नसती तर दोघे १००० कबूल करीत राहिले असते, दर वेळी फसत राहिले असते, आणि दिवा लागून विझत राहिला असता.

मामा : तसे झाले असते तर हा दोष पहिल्याच दिवशी सापडला असता. वायरमन जिना उतरण्यापूर्वी.

भाची : आणि वायरमन गेल्यावर सहा महिन्यांनी ती तार सैल झाली असती तर? कचेरीची बैठक चालू असताना माडी अंधारात गेली असती. मामा, तुमच्या खात्यात दोष दुरुस्त करायला माणसे होती. घरात माणूस नसतो. ज्याने ही उतरंड घातली त्याने घरातल्या अडाणी माणसाचा विचार केला. सेवा तुटू न देणे हीच त्याची सचोटी.

मामा : तुटू न देणे मी मान्य करतो. न सांगणे मान्य करीत नाही. त्या चिपला ठाऊक आहे की आपण हजार बोललो होतो आणि शंभरावर आलो. ती बातमी तिने कोणाकडे रुजू केली? एक पिवळा दिवा, तोही टेबलाखाली.

मला स्वतःला स्नेह्यांचे हे म्हणणे पटते. उतरून का होईना चालत राहणे हा यंत्राचा गुण आहे, पण आपण उतरलो आहोत ही नोंद मालकाच्या नजरेस आणणे त्याहून अवघड नव्हते, आणि ते केले गेलेले नाही. राऊटरच्या पानावरचा तो १०० चा आकडा कोणी मुद्दाम उघडून पाहिला नसता तर वर्षानुवर्षे तेथेच बसून राहिला असता. भाचीलाही यातले तथ्य अमान्य नव्हते. काही अधिक पैसे देऊन, प्रत्येक पोर्टाची स्थिती पानावर दाखविणारा आणि केबलीत कितव्या मीटरवर खंड आहे हेही सांगणारा स्विच मिळतो, तो पुढच्या वेळी घ्यावा असे तिने सुचविले. मामांचे म्हणणे, ते पान तरी कोण उघडून पाहणार.

मामा : ते असो. मागच्या खोलीतले सॉकेट त्याच वायरमनच्या हातचे आहे.

भाची : तेथे टीव्ही जोडायचा आहे, आणि टीव्हीचे पोर्ट १०० चेच. तपकिरी जोडी मोकळी लोंबत असली तरी त्याला कळायचे नाही.

मामा : त्याला कळायचे नाही म्हणूनच ते आज उघडायचे.

भाची : उघडू या. पण या खेपेला स्क्रू मी काढते. तुम्ही दुसऱ्या टोकाशी बसा आणि आकडे सांगा.